हिरवं म्हणजे पाणी

नाझिशनं अकरावीला चित्रकला हा विषय घेतला तेव्हा घरात कुणी हरकत घेतली नाही. तिचा बाप, जैनुद्दीन मुकादम, बावीस वर्षं बहरीनमध्ये दुकानांच्या पाट्या बनवत होता. मुलीनं रंगांत हात घातला तर त्यात नवल ते काय? "मी रस्त्यावर शिकलो, तू वर्गात शीक," एवढंच तो म्हणाला, आणि दुकानातून येताना तिच्यासाठी चांगल्यापैकी कटर आणि लोखंडी पट्टी घेऊन आला.

शाळेत इरावती मिस चित्रकला शिकवायच्या. मूळच्या पुण्याच्या, बोलायला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगून टाकलं, की चित्र छान काढता येणं वेगळं आणि मांडणी कळणं वेगळं. पहिलं पुष्कळांना जमतं, दुसरं शिकावं लागतं. मग त्यांनी पहिला प्रकल्प दिला. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ चौकोन, प्रत्येक आधीच्यापेक्षा एका पायरीनं उजळ. ऐकायला सोपं, पण नाझिशला तीन संध्याकाळी लागल्या. पाचवा चौकोन सहाव्यासारखा व्हायचा, सातवा आठव्यात मिसळून जायचा. शेवटी जमलं तेव्हा तिनं नऊही चौकोन कापून सुटे केले, जेवणाच्या चटईवर पिसले आणि बापासमोर सरकवले.

"अब्बा, लावून दाखवा. काळ्यापासून सुरू करा."

जैनुद्दीन हसत हसत बसला. पहिले तीन त्यानं झटक्यात लावले. मग हात मंदावला. चौथ्याच्या जागी त्यानं सहावा ठेवला, सहाव्याच्या जागी चौथा. उरलेले तीन त्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिले, लांब धरून पाहिले, आणि चटईवर ठेवून दिले.

"हे तिन्ही तू पांढरेच दिलेस."

नाझिश खळखळून हसली. "अब्बा, यू आर जोकिंग!" मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हसत नव्हता. चटईवरच्या चौकोनांकडे तो असा पाहत होता, जसं कुणी त्याचं नाव विचारावं आणि ते त्याला आठवू नये.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्याच दुकानातले रंगीत विनाइलचे तुकडे आणले. पाट्यांवर चिकटवतात तो चिकट पाठीचा रंगीत कागद. लाल त्यानं ओळखला. काळा ओळखला. निळा आणि हिरवा शेजारी ठेवले तेव्हा तो म्हणाला, "दोन्ही निळे." मग तिचा श्वास अडकलेला त्यानं ऐकला असावा, कारण लगेच म्हणाला, "नाय, एक हिरवा. डावीकडला." डावीकडला निळा होता.

अम्मी, म्हणजे नसीमा, खाली वाण्याकडे गेली होती. जैनुद्दीननं दाराकडे एकदा पाहून घेतलं.

"कुणाला बोलू नको, गो. साखरेनं डोळ्यांतल्या शिरा खराब केल्यात. डॉक्टरनं सांगितलंय. एकदा लेझर करून आलो. अजून चार-पाच वेळा करायला लागेल."

"मग करा ना! व्हाय आर यू वेटिंग?"

"प्रत्येक वेळी रजा मागायला लागेल. रजा कशाला, म्हणून दत्तप्रसाद विचारील. मग? पाट्या करणाऱ्याचे डोळे गेले की काम खलास. काम खलास की इथं राहायचा विजा खलास. तुझी शाळा, अम्मीचं इथलं राहणं, सगळं त्या एका कागदावर आहे." त्यानं तुकडे गोळा करून तिच्या हातात दिले. "तुझी बारावी होऊंदे. दोन वर्षं. मग मी आपणहून जाईन."

"अम्मीला तरी सांगूया."

"अम्मीला तर नकोच."

नाझिश सोळा वर्षांची होती. बापानं पहिल्यांदाच तिच्याकडे काहीतरी मागितलं होतं. तिनं मान डोलावली.

दुकान त्यांच्याच वस्तीत, झिंजमध्ये होतं, त्यांच्या इमारतीपासून तीन गल्ल्या पलीकडे. पुढे काउंटर, मागे कापायचं मशीन आणि लांबलचक टेबल, भिंतीला विनाइलच्या गुंडाळ्या. दुकान एका बहरीनी माणसाचं, पण चालवायचा दत्तप्रसाद. कुडाळचा, गोरागोमटा, सतत फोनवर. तिसरा माणूस उबेद, म्हसळ्याचा, पंचेचाळिशीचा फिटर. पिकअप चालवायचा, शिडीवर चढून पाट्या बसवायचा, आणि गावाकडच्या तीन मुलांचे फोटो कुणी न मागता दाखवायचा.

शाळेतून आल्यावर जेवून चार वाजता नाझिश दुकानात जाऊ लागली. निमित्त प्रकल्पांचं. शाळेला कात्रणं लागतात, तुकडे लागतात. दत्तप्रसाद खूश झाला. "जैनुद्दीनभाई, लेक तुमच्या वर जाणार. घेऊन जा गं हवे तेवढे तुकडे, तसेही टाकूनच द्यायचे." नाझिशनं पहिल्याच आठवड्यात जाड काळ्या मार्करनं प्रत्येक गुंडाळीच्या पुठ्ठ्याच्या नळीवर मोठा आकडा टाकला. एक लाल, दोन पिवळा, तीन निळा, चार हिरवा, आणि असंच पुढे. आकडे काळे, पुठ्ठा फिका. तेवढं जैनुद्दीनला दिसायचं. दत्तप्रसादला वाटलं, पोरगी टापटिपीची आहे.

त्या महिन्यांत नाझिश जे शिकली ते तिला नंतर कुठल्याच वर्गात मिळालं नाही. वर्गात इरावती मिस समतोल शिकवायच्या; दुकानात अब्बा सांगायचा, की उजवीकडे मोठं चित्र टाकलंस तर डावीकडे दोन ओळी तरी दे, नाहीतर पाटी एका खांद्यावर कलते. मिस म्हणायच्या, रिकामी जागा हीसुद्धा आकृती असते. अब्बा म्हणायचा, गिऱ्हाईक सगळी पाटी भरायला सांगतं, पण भरलेली पाटी कुणी वाचत नाय. श्वास घ्यायला जागा ठेव. त्याला यांतल्या एकाही गोष्टीचं नाव ठाऊक नव्हतं. नावं नाझिश आणायची, आणि तो ती चाखून पाहायचा. "काय बोललीस? एम्फसिस? बावीस वर्षं करतोय, नाव आज कळलं!"

ती रंग निवडायची, कडा जुळल्यात का बघायची, अक्षरांमधली अंतरं मोजायची. तो कापायचा. अक्षराच्या वळणावर त्याचा हात कधी चुकत नसे. हाताला डोळ्यांची गरजच नव्हती जणू. तिचे गुण चढत गेले. कधीकधी तिला वाटायचं, हे असंच चाललं तर काय बिघडलं? आणि मग जिना उतरताना तो प्रत्येक पायरी बुटाच्या टोकानं चाचपायचा, ते तिला दिसायचं.

ऑक्टोबरात एकदा इरावती मिसनी वर्गात शिरता शिरता एक पुठ्ठा क्षणभर उंच धरला आणि पाठीमागे लपवला. "काय पाहिलंत?"

"रेड," सगळी मुलं ओरडली.

"काय लिहिलं होतं?"

कुणालाच सांगता येईना. मिसनी पुठ्ठा पुन्हा काढला. लाल रंगावर मोठ्या अक्षरांत 'आत या' असं इंग्रजीत लिहिलं होतं. "तुम्ही सगळे दारातच थांबला असतात," मिस म्हणाल्या. "रंग आधी पोचतो, अक्षरं मागून येतात. आणि ज्याला ती लिपी वाचता येत नाही, त्याच्यापर्यंत फक्त रंगच पोचतो. पाटी करणाऱ्यानं हे विसरायचं नाही."

नाझिशनं ते वहीत उतरवून घेतलं आणि संध्याकाळी अब्बाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मिस हुशार आहे तुझी."

नोव्हेंबरात सित्रातल्या एका रसायनांच्या कारखान्याचं काम आलं. पाइपांवर लावायच्या पट्ट्या, तीनशेवर. कुठल्या पाइपात काय वाहतं ते सांगणाऱ्या. कारखान्यानं रंगांची यादी दिली होती आणि ती नाझिशनंच मोठ्यानं वाचली: पाणी हिरवं, कॉस्टिक निळं, हवा करडी, वाफ लाल.

"कॉस्टिक म्हणजे?" तिनं विचारलं.

"धुण्याच्या सोड्याचा बाप," उबेद म्हणाला. "हातावर पडला तर कातडी सोलून नेतो."

पट्टी करायची पद्धत साधी होती. रंगीत विनाइलमधून इंग्रजी आणि अरबी अक्षरं मशीन कापून काढतं. ती उचलून फेकायची, आणि उरलेली जाळी पांढऱ्या पट्टीवर चिकटवायची, म्हणजे रंगात पांढरी अक्षरं उमटतात. हवेच्या आणि वाफेच्या पट्ट्या बापलेकीनं दोन दिवसांत संपवल्या. मग शाळेचं प्रदर्शन आलं. सीफमधल्या एका मॉलनं खालचा हॉल दिला होता, आणि मांडणीसाठी इरावती मिसनी ज्या सहा जणांना निवडलं त्यांत नाझिश होती. तीन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही.

"उरलेलं मी करतो," जैनुद्दीन म्हणाला होता. "तीन नंबर आणि चार नंबर. लक्षात आहे."

चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा काम बांधून तयार होतं. टेबलाखालची कचऱ्याची पेटी निळ्या अक्षरांनी काठोकाठ भरली होती. इंग्रजीतलं वॉटर, अरबीतलं माअ, शेकड्यांनी, एकमेकांत अडकलेली, काही उलटी, काही सुलटी. नाझिशनं ओंजळ भरून ती उचलली आणि तिला समुद्रच दिसला. प्रदर्शनातला तिचा शेवटचा प्रकल्प अजून व्हायचा होता. विषय होता, एकाच आकाराची पुनरावृत्ती आणि तिच्यातून निघणारी लय.

"अब्बा, हे घेऊ?"

"घे की. कचराच तो."

तिनं दोन दिवस खपून पांढऱ्या फळीवर ती सगळी अक्षरं लावली. खाली दाट, वर विरळ, मधे एकाएकी मोकळी जागा. इरावती मिस फळीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "आतापर्यंतचे प्रकल्प शाळेचे होते," त्या म्हणाल्या. "हा तुझा आहे." हॉलच्या दाराशी, आत येणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल अशा जागी त्यांनी तो टांगला. नाझिशनं नाव दिलं, 'पाणी'.

उबेदनं पुढच्या आठवड्यात सित्राला जाऊन पट्ट्या लावल्या.

त्यानंतरच्या रविवारी रात्री जैनुद्दीनचं जेवणात लक्ष नव्हतं. नसीमानं दोनदा विचारल्यावर बोलला.

"सित्राच्या कारखान्यात एक माणूस भाजला. हात धुवायला नळ उघडला, तर कॉस्टिक आलं. दोन्ही हात गेलेत म्हणतात, आणि गळ्यापर्यंत भाजलाय."

"या अल्ला! मग तुम्ही का एवढे..."

"पट्ट्या आमच्या होत्या. रंग उलटे गेलेत. पाण्याच्या निळ्या झाल्या आणि कॉस्टिकच्या हिरव्या."

"चूक कुणाची?"

"दत्तप्रसाद म्हणतो, उबेदची. जागेवर यादी बघून लावायचं काम फिटरचं. कारखान्याला कुणाचं तरी नाव द्यायला लागतंय."

"आणि कापल्या कुणी?"

"मी कापल्या." तो भात कालवत राहिला. "मी बरोबरच कापल्या असणार."

असणार.  नाझिशच्या डोळ्यांपुढे पेटी आली, पेटीतली निळी अक्षरं आली. पाणी निळंच असतं, म्हणून तिला काही खटकलं नव्हतं. यादी तिनंच वाचली होती, पाणी हिरवं म्हणून तिनंच उच्चारलं होतं, आणि तीच अक्षरं ओंजळीत घेऊन तिला वाटलं होतं, किती सुंदर.

ती त्या रात्री काही बोलली नाही. सोमवारीही नाही. बोललं तर विजा, शाळा, अम्मी; आणि उबेदचाचाला फारतर ओरडा बसेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. मंगळवारी कळलं, की उबेदला काढलं. बुधवारी तो घरी येऊन गेला. चहा तसाच ठेवून खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"जैनूभाई, मला जे बंडल दिलं ते मी लावलं. यादी बघायला पाहिजे होती, मान्य. पण बंडल तर दुकानातनं तसंच आलं ना? तुम्ही दत्तप्रसादला सांगा. तुमचा शब्द तो मानतो."

"बोलतो मी," जैनुद्दीन म्हणाला.

तो बोलला नाही. कशावर बोलणार होता? आपण कुठली गुंडाळी घेतली, हे त्याला आठवत होतं. तिचा रंग कुठला होता, हे त्याला दिसलंच नव्हतं. गुरुवारी उबेद विमानात बसला.

शुक्रवारी नमाजानंतर जैनुद्दीन म्हणाला, "त्या माणसाला बघून येऊ. माझ्याबरोबर चल. वॉर्डचे नंबर मना नीट वाचता येत नाय."

माणसाचं नाव गंगय्या. निजामाबादकडचा, चाळिशीचा, काटकुळा. दोन्ही हात कोपरापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत, उशांवर ठेवलेले, जणू ते त्याचे नव्हतेच, कुणी सांभाळायला दिले होते. गळ्याची कातडी चकाकत होती. आपल्याला भेटायला कुणी आलंय याचंच त्याला अप्रूप वाटलं. हे लोक कोण, ते त्यानं विचारलंही नाही.

"कसं झालं, भाई?" जैनुद्दीननं हिंदीत विचारलं.

"हाथ पे ग्रीस था," गंगय्या म्हणाला. "खाने का टाइम हुआ. हरा देखा, खोल दिया. मेरे को इंग्लिश नहीं आता, अरबी नहीं आता. तेलुगू पढ़ता हूँ. पहले दिन सिखाया था, हरा मतलब पानी. हरा था ना? सब पूछते हैं, पढ़ा क्यों नहीं. हरा था."

जैनुद्दीननं आणलेली फळांची पिशवी कुठं ठेवावी ते त्याला कळेना. नाझिशनं ती त्याच्या हातातून घेऊन कपाटावर ठेवली.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "उबेद असं कसं करील? यादी बघायला दोन मिनिटं लागतात."

"अब्बा, आपण सीफला जाऊया. माझं प्रदर्शन उद्या बंद होतंय."

"आज? आता?"

"आता."

 मॉलमध्ये सुट्टीची गर्दी होती. नाझिशनं त्याचा दंड धरून त्याला हॉलच्या दाराशी नेलं आणि फळीसमोर उभं केलं. फळीखालच्या कार्डावर पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी लागली होती.

"हे तुझं? मोठं आहे." त्यानं मान मागेपुढे केली. "काय आहे ते?"

"समुद्र."

"रंग?"

"निळा."

"चांगला आहे. कशाचा केलास?"

 नाझिशनं त्याचा उजवा हात धरला आणि फळीवर टेकवला. जवळच्या बाईनं 'हात लावू नका'च्या पाटीकडे बोट दाखवलं, पण नाझिशनं तिकडे पाहिलं नाही. जैनुद्दीनची बोटं कडांवरून फिरू लागली. त्याच्या हातानं उचलून फेकलेलं अक्षर त्याच्या हाताला ओळखू येणारच होतं. पहिलं अक्षर. दुसरं. तिसऱ्याशी बोटं थांबली. मग त्यानं दुसरीकडे हात नेला, मग तिसरीकडे. सगळीकडे तेच. अरबी माअचा वळसा त्यानं दोनदा चाचपला.

"हे पेटीतलं?"

"हो."

"सगळं निळं?"

"सगळं."

तो हात काढून घेईना. "नव्या गुंडाळ्या आल्या होत्या," तो म्हणाला. "तुझे आकडे नव्हते त्यांच्यावर. उबेद बाहेर पिकअप धूत होता. हाक मारली असती तर आला असता. वाटलं, विचारलं तर कळंल. ट्यूबखाली धरून बघितलं. वाटलं, हाच हिरवा."

"मी पण पाहिलं होतं, अब्बा. मी रविवारपासून... मला माहीत होतं."

त्यानं तिच्याकडे मान वळवली. तिचा चेहरा त्याला कितपत दिसला, देव जाणे. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. त्यानं रागवावं असंही वाटलं होतं. तो फक्त म्हणाला, "चल. मना खाली बसायला जागा बघ."

त्याच संध्याकाळी घरी त्यानं नसीमाला सगळं सांगितलं. ती रडली नाही. इतके महिने आपल्याला आंधळं समजून दोघांनी घर चालवलं, एवढंच एकदा म्हणाली, आणि चार दिवस दोघांशीही कामापुरतंच बोलली.

शनिवारी दुकानात दत्तप्रसादनं दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. मग कपाळाला हात लावून बसला. "जैनुद्दीनभाई, आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला काउंटरवर बसवलं असतं हो. बावीस वर्षांचा जुना माणूस, मी काय टाकून दिला असता?"

 नाझिश दाराशी उभी होती, आणि तिला हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं ऐकू येत राहिलं. कारण ते खरं होतं की नुसतं बोलायचं होतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"आता काय करायचं?" दत्तप्रसाद म्हणाला. "कारखान्याला उबेदचं नाव लिहून दिलंय. प्रकरण मिटलंय त्यांच्या लेखी."

"दुसरं लिही. माझं नाव घाल."

"त्यानं उबेद परत येणार नाही. त्याचा विजा रद्द झालाय. तुमचाही जाईल, एवढंच होईल."

"लिही तू."

दत्तप्रसादनं लिहिलं. कारखान्यातून दोन ओळींची पोच आली. दुकानाच्या मालकानं लगेच कामावरून काढलं नाही, पण डोळे तपासून घ्यायला सांगितलं, आणि तपासणीनंतर काम गेलं, विजाही गेला. देश सोडायला फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंतची मुदत मिळाली. अकरावीची परीक्षा मार्चात होती. इरावती मिसनी मुख्याध्यापकांकडे दोन चकरा मारल्या, पण परीक्षा आधी घेता येत नाही असं उत्तर मिळालं. गावी दापोलीला जाऊन नाझिशला अकरावी पुन्हा करावी लागणार होती, आणि तिथल्या कॉलेजात हा विषय नव्हता.

उबेदला जैनुद्दीननं फोन केला. स्पीकरवर ठेवला, कारण बटण त्याला सापडेना. उबेदनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"यादी मी पण नव्हती बघितली, जैनूभाई," शेवटी तो म्हणाला. "माझी चूक माझ्याजवळ आहे. पण बुधवारी मी तुमच्या घरात बसलो होतो. तेव्हा बोलायचं होतं." आणि त्यानं फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

राहिला गंगय्या. इस्पितळातून सुटून तो सित्रातल्या कामगारांच्या खोल्यांवर आला होता. घरी पाठवायची तारीख ठरली होती. आदल्या दिवशी बापलेक तिथं गेले. एका खोलीत आठ खाटा. बाकीचे कामावर गेलेले. गंगय्या खालच्या खाटेवर बसला होता. पट्ट्या आता मनगटापासूनच होत्या, पण उजव्या हाताची बोटं एकमेकांना धरून बसली होती.

जैनुद्दीन उभ्या उभ्याच बोलला. "भाई, वो रंग मैंने गलत लगाया था. उबेद ने नहीं. मेरी आँखें खराब हैं. हरा और नीला मुझे एक दिखता है."

 गंगय्यानं शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

"दिखता नहीं था," तो हळू म्हणाला, "तो बोला क्यों नहीं?"

 नाझिशला वाटलं, आता अब्बा विजाचं सांगेल, शाळेचं सांगेल, तिच्याकडे बोट दाखवेल. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातांत घेतली. गंगय्या उत्तराची फार वेळ वाट पाहत बसला नाही. उशीजवळचा फोन वाजू लागला होता, त्याकडे त्यानं हनुवटी केली.

"बेटी, उठा दो. घर से है. आदमी लोग शाम को आते हैं, तब तक कोई पकड़ने वाला नहीं."

नाझिशनं फोन उचलून त्याच्या कानाला लावला. पलीकडे एक बाई जोरजोरात बोलत होती. गंगय्या तेलुगूत उत्तरं देत होता, आधी तुटक, मग लांब. नाझिशला एक अक्षर कळत नव्हतं. मधेच तो हसला, बहुधा कुठलं मूल फोनवर आलं असावं; मग पुन्हा बाई आली आणि त्याचा आवाज खाली गेला. नाझिशचा हात भरून आला. तिनं दुसऱ्या हातानं कोपर तोलून धरलं. मागे अब्बा भिंतीला पाठ लावून उभा होता, हातांत टोपी. बोलणं संपेना, आणि तिनं फोन तसाच धरून ठेवला.